न लागलेली आग

“जी आग तू लागू दिली नाहीस म्हणतोस, ती उद्या दुपारी आम्हाला दाखव. नाही दाखवलीस, तर आगचौकीला कुलूप!”

राजा हंबीरसेनाने एवढं फर्मावलं आणि विडा तोंडात टाकला. राजाचं काय, बोलायला तोंड होतं आणि माना डोलवायला दरबार होता. समोर उभ्या असलेल्या सटवाजीच्या पायाखालची जमीन मात्र सरकली.

सटवाजी हा जांभूळनगरीच्या आगचौकीचा नाईक. नगरीतली घरं गवताने शाकारलेली आणि एकाला एक चिकटून, म्हणून हा माणूस रोज गल्लोगल्ली फिरायचा. कुणाला चुलीजवळची पेंढी हलवायला लावायचा, कुणाच्या दारातल्या रांजणात डोकावून पाणी आहे का ते बघायचा. शेजारणीकडून खापरात विस्तव घेऊन निघालेल्या बायकांना तर भर रस्त्यात अडवायचा आणि झाकण ठेवल्याशिवाय पुढे सोडायचा नाही. सासू परवडली, पण सटवाजी नको, असं बायका म्हणायच्या. पण इतक्या वर्षांत नगरीत एक छप्पर जळलं नव्हतं, आणि नेमकं तेच बिचाऱ्याच्या मुळावर आलं.

झालं होतं असं, की राजाने महालासमोर बांबू-गवताचा आणि रेशमी पडद्यांचा नवा उन्हाळी मंडप घातला होता. मंडपापुढे त्याला कारंजं हवं होतं. पाणी कुठून आणायचं? दिवाण त्र्यंबकपंतांनी लगेच तोड काढली.

“आगचौकीचा हौद काठोकाठ भरलेला आहे, महाराज. आग तर कधी लागतच नाही. मग ते पाणी साठवायचं कशाला आणि ती माणसं पोसायची कशाला?”

“लागत न्हाई, कारन आमी लागू देत न्हाई,” सटवाजी बोलून गेला. त्यावर राजाची ती आज्ञा झाली.

घरी येऊन सटवाजी भाकरीपुढे नुसता बसून राहिला. त्याची लेक ठकू मोठी तिखट जिभेची. सगळी हकीकत ऐकून तिला हसूच फुटलं.

“हसतीस काय गं?” सटवाजी म्हणाला. “माझी नोकरी जाईना का. पण ह्या चैताच्या वाऱ्यात हौद कोरडा पडला आन् कुटं ठिणगी उडाली, तर लेकराबाळांसकट गाव जळंल.”

ठकूचं हसू मावळलं. बाप स्वतःसाठी नाही, त्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्या माणसांसाठी झुरतो आहे, हे पाहून तिला भरून आलं.

“बाबा, तुमी जेवा. उद्या दरबारात मी जाते.”

“तू गं काय दाखवनार?”

“ज्याला बघायची हौस हाय, त्याला आपसूक दिसंल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दरबार मंडपात भरला होता. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गारवा आणि अंधूक उजेड. एवढ्यात ठकू आत शिरली ती थेट पडद्याच्या कडेने. हातात चुंबळीवर खापर, खापरात लालभडक काहीतरी, आणि बाई फुंकर घालत चालल्या होत्या.

“ए पोरी, थांब!” राजा ओरडला. “विस्तव घेऊन कुठे निघालीस?”

“शेजारनीकडनं आनलाय, महाराज. चूल पेटवायचीय. मंडपातनं वाट जवळ पडती.”

“आणि त्यावर झाकण कुठे आहे?”

“झाकन ठेव म्हननारी चौकीच आज बंद व्हायचीय. मग उगा वझं कशाला वागवू?”

वाऱ्याने पडदा फुगला आणि खापराला लागतो न लागतो एवढा जवळ आला. ठकू हलली नाही.

“अगं, पडदा पेटेल!”

“येकच तर पडदा, महाराज.”

“एकच?” राजा सिंहासनावरून उठला. “पडद्यावरून छप्पर पेटेल, छपरावरून तबेल्याची गंजी! आणि ह्या वाऱ्यात तिथून आग सरळ बाजारपेठेत जाईल. बघता बघता नगरीची राख होईल. अरे, पाणी आणा कुणीतरी!”

दिवाण एव्हाना खांबामागे पोचले होते. ठकू दोन पावलं मागे सरली आणि अदबीने वाकली.

“महाराज, कुटं लागलीया आग?”

“लागली नाही अजून, पण...” राजा अडखळला.

“पन महाराजांना दिसली. पडद्यापासनं बाजारापातूर दिसली. माझ्या बाला न लागलेली आग दाखवायची व्हती. त्याला एवढं झ्याक बोलता आलं नसतं. महाराजांनीच साऱ्या दरबाराला दाखवली. माझ्या बाला ती रोज दिसती, दर चुलीपाशी.”

मग दिवाणांना खांबामागे धीर आला. तावातावाने बाहेर येऊन ते म्हणाले, “महाराज, हिने आपल्या छपराखाली विस्तव आणला! हिला आधी कैद करा.”

ठकूने खापरात हात घातला, मूठ भरली आणि दिवाणांच्या तळहातावर रिकामी केली. पंतांनी अशी काही किंकाळी फोडली आणि अशी काही उडी मारली, की पागोटं एकीकडे आणि पंत दुसरीकडे! जमिनीवर विखुरली होती पळसाची ताजी फुलं.

“गवताच्या छपराखाली उघडा विस्तव आनला असता, तर बानं मला घरात घेतली नसती, दिवानजी.”

राजा आधी फुलांकडे बघत राहिला, मग पंतांकडे, आणि मग पोट धरून हसत सुटला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं. चौकी आणि हौद जिथल्या तिथे राहतील, आणि सटवाजी नाईक उद्यापासून महालाच्या चुलीही तपासतील, असा हुकूम तिथल्या तिथे सुटला.

पागोटं सावरत दिवाणांनी हळूच विचारलं, “आणि कारंजं, महाराज?”

“राहू दे ते,” राजा डोळे पुसत म्हणाला. “तुमच्याइतकं उंच कुठलं पाणी उडणार, पंत?”