तिसरी काचनळी

"मधे गॅसच भरायचा नाही, तर लेझर तापवणार कुणाला, बाई?"

यशोधनच्या आवाजात प्रश्नापेक्षा राग जास्त होता. प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाईंसमोरच्या ट्रेमध्ये दोन फुटक्या काचनळ्यांचे तुकडे पडले होते.

काम सांगायला सोपं होतं. लांब काचनळीत गॅसचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, करायचा, भोवतालच्या चुंबकांनी त्याला काचेपासून दूर धरायचं आणि एका टोकाने लेझर सोडून तापवायचं. तो लेझर डोळ्यांना दिसत नसे. दोन्ही वेळा तो वाटेतच काचेकडे वळला होता, आणि कुणी हातही लावला नसताना नळी तडकली होती.

आता एकच नळी उरली होती. प्रयोगशाळेच्या नळ्या बाईंचे यजमान, भार्गवकाका, स्वतः फुंकून घडवत. ते वैशाखात गेले.

"चुंबक कमी पडतोय," यशोधन म्हणाला.

"चुंबकाला कशाला बोल लावतोस? दाट प्लाझ्मा लागला की प्रकाश बाहेर वळतो. आणि तू नेमका मधेच ठासून भरतोस."

"म्हणून मधे भरायचाच नाही?"

"कडेने भर. मधे विरळ राहू दे."

"आणि त्या विरळ जागेत प्रकाश थांबेल?"

बाईंनी कपाटातून तिसरी नळी काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

नळीची दोन्ही उघडी टोकं पंपाला आणि लेझरच्या खिडकीला जोडून झाली. पंप सुरू झाला. दाबाचा काटा खाली आला, थांबला... किंचित वर गेला. पुन्हा खाली. पुन्हा वर.

"गळतेय."

"गळत नाही. काच सोडतेय."

"काय सोडतेय?"

बाईंची नजर काट्यावरच होती.

बंद खोलीत काटा वरखाली होत राहिला. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. यशोधनने नळीवरचा हात काढून घेतला.

"बाई... फुंकणाऱ्याचा श्वास काचेत राहतो का हो?"

"पाण्याची वाफ असते ती," बाई म्हणाल्या.

पण काटा स्थिर होईपर्यंत त्या बसल्या नाहीत.

सवयीने त्याचा हात मधल्या झडपेकडे गेला. बाईंनी तो धरला. त्यांची बोटं थंडगार होती. मग त्याने कडेच्या झडपा उघडल्या आणि लेझर सोडला.

काच तडकली नाही.

नळीची कड गुलाबी उजळली. आत मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ काळोख. सगळी धग त्या काळोखातच आहे, असं मापक सांगत होते. यशोधन बघत राहिला... आणि त्याला वाटलं, आतूनही कुणीतरी बघतंय.

क्षणात सारं विझलं.

यशोधनने कडेच्या झडपा बंद केल्या.

"तुमचं खरं होतं, बाई." त्याचा आवाज उतरला होता. "पण आता बास. काकांच्या हातची ही शेवटची. पुढच्या खेपेला फुटली तर... कपाटात जपून ठेवू या. माझा प्रयोग राहू दे."

बाईंनी नळीवरून हळूच बोट फिरवलं. काच अजून कोमट होती.

"पंप लाव," त्या म्हणाल्या. "जपून ठेवायची असती, तर त्यांनी तिची दोन्ही टोकं उघडी ठेवली नसती."