ओ न देणारे

“मग बेरोजगारी घटली कशी?” मठाच्या रेवणबाबांनी विचारलं. “सूतगिरणी तर अजून बंदच आहे.”

निशांत रोजगार कचेरीतला नवा साहेब. मठात वाढलेला, बाबांचा लाडका. स्थूल अर्थशास्त्र नुकतंच शिकायला घेतलेलं. डोक्यात उतरण्याआधी जिभेवर आलेलं. बेरोजगारी घटली म्हणून तलावातला गाळ काढायचं सरकारी काम बंद करायच्या कागदावर तो उद्या सही करणार होता. गिरणी गेल्यावर त्या भागात तेवढंच एक काम उरलं होतं.

“बाबा, व्याख्या समजून घ्या. काम शोधूनही मिळत नाही, तो बेरोजगार. गिरणीवाल्यांनी शोधणंच सोडलंय. ते आता मोजणीत येत नाहीत.”

“थकले म्हणून सुटले?”

“हे मी ठरवलेलं नाही. जगभर असंच मोजतात.”

“आणि पुढे? पुस्तकात पुढे काय म्हटलंय?”

“…अजून पहिलाच धडा झालाय.”

“पहिल्या धड्यावर तलाव बंद करतोस. शहाणा आहेस.”

जेवणवेळ झाली. बाहेर हाक दिल्याशिवाय बाबा घास घेत नसत. ओ देईल त्याला आधी वाढायचं, हा मठाचा जुना नियम.

“आज हाक तू दे,” बाबा म्हणाले.

निशांत दारात गेला. भिंतीच्या सावलीला गिरणीवाली माणसं बसली होती. मठातलं अन्न पुरत नव्हतं; कित्येक दिवस ओ देऊनही ती इथून रिकाम्या पोटी परत गेली होती.

“कुणी उपाशी आहे का?”

कुणी हललं नाही.

त्याने पुन्हा हाक दिली, मोठ्याने. एका म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. एका बाईने मांडीवरच्या पोराच्या तोंडावर पदर ओढला.

तो आत आला.

“ओ देत नाहीत, बाबा. पण बसलीत तिथे.”

“ओ दिली नाही ना? दार लाव.”

“अहो, पोटं पाठीला लागलीत त्यांची.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? दिसतंय…”

बाबांनी ताट पुढ्यात ओढलं. भाकरी मोडली. घास तोंडाशी नेला.

निशांतने त्यांचं मनगट धरलं. गुरूच्या अंगाला असा हात त्याने जन्मात लावला नव्हता.

“बाबा, ती माणसं उपाशी आहेत.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“हात सोड,” ते म्हणाले. “गावात उपाशी कुणी नाही.”