खडकोबाचा उजवा खांदा

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा पांगरवाडीत वीज आली नव्हती, पण भैरोबाच्या जत्रेला तंबूतला सिनेमा मात्र दरसाल यायचा. बैलगाड्यांतून तंबू यायचा, खांब यायचे, धूर ओकणारं इंजिन यायचं आणि पत्र्याच्या डब्यांत गुंडाळलेली माणसं यायची. जत्रेच्या दिवसांत गावात भांडणं होत नसत, असं म्हणतात, कारण भांडायला कुणी घरी सापडत नसे.

त्या गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे, दौलू कुंभार राहायचा. लहानपणी त्याला देवी आल्या. जीव वाचला, पण तोंडाची चाळण झाली, एक डोळा पांढरा पडला आणि ओठ एका बाजूला ओढला गेला तो तसाच राहिला. आई होती तोवर घरात बोलायला माणूस होतं. आई गेली आणि त्या घरातलं बोलणंच संपलं. त्याची मडकी मात्र सगळ्या गावाला हवी असत. बायका यायच्या, धान्य ओट्यावर ओतायच्या, माठ वाजवून बघायच्या आणि निघून जायच्या. दौलू दाराआड उभा राहायचा आणि त्या गेल्यावर बाहेर यायचा. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण रीत पडली ती पडली. आणि पोर झोपेना की घरोघरच्या आया म्हणायच्या, गप झोप, नाहीतर दौलू येईल. दौलू उभ्या जन्मात कुणाच्या दारात गेला नव्हता. तरी बिचारा रोज गावभर यायचा.

एका साली तंबूत परमुलखातला सिनेमा लागला. त्यातलं बोलणं कुणाला कळलं नाही, पण भ्यायला काही अडचण आली नाही. त्यात एक राक्षस होता. दगडाच्या खाणीतून वर आलेला, अंगभर खडकाच्या खपल्या, गुडघ्यापर्यंत हात, एक खांदा वर चढलेला आणि एक खाली पडलेला. तो काही करायचा नाही, नुसता एकेका घरापुढे जाऊन उभा राहायचा. लोक दारं लावून घ्यायचे. शेवटी सगळा गाव जमून त्याला पेटवून द्यायचा, आणि तंबूत शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. पांगरवाडीने त्याचं नाव खडकोबा ठेवून टाकलं. दौलूनेही तो सिनेमा रोज पाहिला. कुठे बसून पाहिला, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

पुढच्या जत्रेआधी तंबूचा मालक दामूशेठ आपणहून दौलूच्या ओट्यावर आला. यंदाही तोच सिनेमा लावून त्याला तंबूच्या तोंडाशी खडकोबा उभा करायचा होता, हुबेहूब, त्याच्याच मापाचा. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं ठेव, असं त्याने बजावलं, कारण आतून तांबडे कंदील लावायचे होते. बदल्यात काय हवं, म्हणून विचारलं. दौलूने मान खाली घालूनच सांगितलं की तंबूत पुढच्या ओळीत, माणसांच्या मधोमध, एक खुर्ची मिळावी. दामूशेठला हसू आलं. त्याने खुर्ची कबूल केली. शेवटच्या दिवशी खडकोबा जाळायचा आहे, हे मात्र त्याने सांगितलं नाही. लपवलं असं नाही, त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

दौलू कामाला लागला तो तहानभूक विसरून. सिनेमात खडकोबा दारात उभा राहिला की त्याचं डोकं वरच्या चौकटीला टेकायचं. म्हणून दौलूने तंबूच्या जागेवर आपल्या घराचं दार काढून आणलं, ते उभं केलं आणि त्याच्या मापाने बांबूचा सांगाडा बांधला. त्यावर पेंढा आवळला, वर घोड्याच्या लिदीत मळलेली माती थापली आणि खपल्या एकेक करून बोटांनी उचलल्या. काजळी आणि चुना कालवून खडकाचा रंग केला, खाचांत गेरू भरला. काम चालू असताना तो त्याच्याशी बोलायचा, असं म्हणतात. आज ऊन लई, तुला तडा जाईल, पाणी मारतो. असलंच काहीतरी. पण आई गेल्यापासून कुणी न विचारता त्या तोंडातून निघालेलं ते पहिलंच बोलणं.

शेवटी डोळे राहिले. दौलूने भोकं पाडायला बांबूची कामटी हातात घेतली आणि हात खाली आला. आंधळा करून कसा सोडायचा याला? तो कुंचला घेऊन वर चढला आणि त्याने डोळे लिहिले. माणसाचे लिहिले, आणि दोन्ही धड. आता त्यांच्या घराण्यात एक रीत होती. गणपती असो, बेंदराच्या सणाचा मातीचा बैल असो, एकदा डोळे लिहिले की मूर्तीला एकटं सोडायचं नाही. ती पाण्यात जाईपर्यंत कुणीतरी तिच्यापाशी असायला हवं. रंग वाळायच्या आतच दौलूच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. त्याने पोतं अंथरलं आणि तो खडकोबाच्या पायाशी बसला. पुढच्या ओळीतली खुर्ची रिकामी राहिली. पहिल्या खेळाला दामूशेठने ती पोलीसपाटलाला देऊन टाकली.

जत्रा भरली. खडकोबा पाहून लोक आधी दचकले आणि मग हसले, कारण सिनेमात त्याचा डावा खांदा वर होता आणि दौलूने उजवा केला होता. कुंभारानं राक्षस उलटा केला, असं म्हणत माणसं पोट धरून हसली. दौलूला त्यातलं काही उमजेना. तो पुन्हापुन्हा वर बघायचा. त्याने पाहिलं होतं तसंच तर केलं होतं.

पण त्या दिवसांत दौलूला सुख झालं, हे खरं. सगळी जत्रा त्याच्या अंगावरून जायची. खडकोबाच्या शेजारी त्याचं तोंड साधंच दिसायचं. एकदा परगावची एक बाई आली. चपलेचा अंगठा तुटलेला, काखेत तान्हं पोर. तिने काही न बघता पोर दौलूच्या हातात दिलं, धरा जरा, म्हणाली, आणि चप्पल नीट करू लागली. पोराने दौलूच्या तोंडाकडे बघितलं, त्याचा ओढलेला ओठ चिमटीत धरला आणि तसंच झोपी गेलं. बाईने पोर परत घेतल्यावरही दौलूचे हात कितीतरी वेळ तसेच पुढे होते.

शेवटच्या दिवशी दिवेलागणीला दामूशेठची माणसं गोवऱ्या आणि कडबा घेऊन आली आणि खडकोबाभोवती रचू लागली. तेव्हा दौलूला कळलं. तो उठून दामूशेठपुढे उभा राहिला.

"शेठ, डोळं लिवल्यात त्याचं. जाळू नगा. वड्याला नेऊन पाण्यात सोडतो मी."

दामूशेठ काही वाईट माणूस नव्हता. त्याने समोरच्या गर्दीकडे बोट केलं आणि म्हणाला, "ने की. मी कुठं अडवलंय? पण उचलणार कोण?"

गाडीभर मातीचा तो खडकोबा. उचलायचा तर दहा माणसं हवीत. दौलू गर्दीकडे वळला. गावासमोर तो असा कधी उभा राहिला नव्हता. त्याने हात जोडले.

"जरा हात लावा. वड्यापातूर न्यायचं. पुन्ना काय मागायचा न्हाई मी."

कुणी हललं नाही. जळताना बघायला सगळे आले होते, आणि त्यातून पुढे होणार कोण? अनसाक्का म्हणून ओढ्याकाठची एक विधवा होती. दौलूचं घर तिच्या अंगणातून दिसायचं. तिने पदर खोचला, एक पाऊल टाकलं, आणि आजूबाजूच्या बायकांनी बघितल्यावर ते मागे घेतलं. दौलूने ते पाऊल पाहिलं. मग तो परत गेला, पोतं झटकून नीट अंथरलं आणि खडकोबाच्या पायाला पाठ टेकून बसला.

"एकला न्हाई सोडायचा," तो म्हणाला. ते गर्दीला म्हणाला की खडकोबाला, ते कुणाला सांगता येत नाही.

चटका बसला की उठेल, असं सगळ्यांना वाटलं. काडी लागली. धूर उठला आणि वर जायचा सोडून खाली बसला. घोंगडी पांघरावी तसा दोघांना पांघरून बसला, असं म्हणतात. मग माणसं ओरडत धावली. पण धूर हटला तेव्हा पायाशी पोतं नव्हतं आणि दौलूही नव्हता. राखेत हाड सापडलं नाही की चिंधी सापडली नाही. खडकोबा मात्र जागच्या जागी उभा. आतला बांबू जळला, पेंढा जळला, पण माती पक्की भाजून निघाली, कुंभाराच्या आव्यातून भाजून निघालेल्या माठासारखी तांबडी. अंगावरचा रंग सगळा उडाला आणि डोळे तेवढे राहिले.

दौलू घाबरून कुठे लपला असेल, असं म्हणून लोक शोधायला पांगले. अनसाक्का तंबूच्या मागच्या अंगाला गेली. आत नेमाप्रमाणे शेवटचा खेळ सुरू झाला होता. मागे पडद्याच्या पाठीशी, तंबूच्या फाटक्या कनातीआड, एक जागा होती. एका माणसापुरती, दरसाल बसून बसून गवत मेलेली. तिथून पडदा उलट्या बाजूने दिसत होता. अनसाक्का वाकली आणि त्या जागेवर बसली. समोर कापडावर खडकोबा एका दारात उभा होता. त्याचा उजवा खांदा वर होता.

तिने तोंडात पदर कोंबला. मग उठून ती तडक पडद्यापुढे गेली, भर खेळात, दिव्याच्या झोतात. माणसं ओरडली. ती म्हणाली, "दौलूदा इतकी वरसं तिकडनं बघत हुता. मागनं. एकला बसून." आत बसलेल्यांपैकी एकेक जण उठला, मागे गेला, त्या जागेवरून बघून आला आणि परत आपल्या जागी बसला. शेवटपर्यंत शिट्टी वाजली नाही. त्या सिनेमात लोकांनी खडकोबाला पेटवलं, तेव्हा पांगरवाडी रडली, असं म्हणतात.

दौलू पुन्हा कुणाला दिसला नाही. कुणी म्हणतं, तो धुराआडून निघून चालत मुलूखभर गेला. कुणी म्हणतं, खडकोबा आतून पोकळ झाला होता, त्यात तो शिरला. पावसाळ्यात खडकोबाच्या पोटाला कान लावला की आत कुणीतरी हळू बोलतंय असं वाटतं, असंही म्हणतात. मी कान लावलाय. काय ऐकू आलं ते सांगणार नाही, तुम्ही जाऊन लावा.

खडकोबा अजून तिथेच उभा आहे. त्याला कुणी शेंदूर फासत नाही, नारळ फोडत नाही, नवस बोलत नाही. तो देव नाहीच. पण डोळे लिहिलेली मूर्ती एकटी सोडायची नाही, म्हणून गावाने वाटे घातलेत. आज या घराचा, उद्या त्या घराचा. ज्याचा वाटा असेल त्याने दिवेलागणीला यायचं, पायाशी पोतं टाकायचं, दिवा लावायचा आणि त्यातलं तेल संपेपर्यंत बसायचं. काही करायचं नसतं. कुणी शेंगा खातं, कुणी घरातलं गाऱ्हाणं सांगतं. परगावचा पाहुणा आला तर त्याला एक गोष्ट हटकून चमत्कारिक वाटते. पोतं चांगलं ऐसपैस असतं, बसणारा एकटाच असतो, तरी तो मधोमध बसत नाही. एका कडेला सरकून बसतो, आणि उरलेलं पोतं हाताने झटकून ठेवतो.