चाळीस घरांच्या शिवळा

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी चाळीस घरांचं एक गाव होतं. सगळी जमीन एका खोताची. नांगरणी आली की गावाने आपापले बैल आणून आधी खोताची शेतं फुकट नांगरायची, असा त्याचा हुकूम. तोवर लोकांच्या वाट्याची जमीन वाळून दगड व्हायची.

त्या गावात दोन भाऊ राहत. नदीवर बैल धुताना थोरला एकेकाला हळूच म्हणाला, "जुवाच्या शिवळा माझ्याकडे द्या. मी लपवतो. ती खुंटीच नसली तर बैलाची मान जुवात राहील कशी?"

सगळ्यांनी ओंजळीत पाणी घेऊन शपथ घेतली, मेलो तरी दुसऱ्याचं नाव सांगायचं नाही.

नांगरणीच्या सकाळी जो तो म्हणाला, "मालक, शिवळा हरवल्या."

"सगळ्यांच्या? एकाच दिवशी?" खोत हसला. "लाकडाला पाय फुटले वाटतं!"

तेवढ्यात त्याच्या माणसांनी थोरल्याला ओढत आणलं. त्याच्या गवताच्या भाऱ्यात शिवळा सापडल्या होत्या. खोताने त्या अंगणात ओतल्या.

"तुम्ही दिल्या असतील तर पुढे येऊन सांगा. नाहीतर हा चोर. चोराला मी जिवंत सोडत नाही."

सगळ्या गावाला मारलं तर शेत कोण नांगरणार, हे खोतालाही कळत होतं. एकजण बोलला असता तर बाकीचेही बोलले असते.

धाकटा पुढे सरकला. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. "शपथ आठव, पोरा."

धाकटा थांबला. थोरल्याने कोणाचंच नाव घेतलं नाही. दुपारपर्यंत मार खाऊन तो तिथेच मेला.

"आता उचला आपापल्या," खोत म्हणाला, "आणि लागा कामाला."

सगळे वाकले. कोणाची शिवळ आखूड, कोणाची वाकडी, कोणाची बाभळीची. पण एकाचाही हात दुसऱ्याच्या शिवळेवर पडला नाही.

धाकटा भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. म्हातारा म्हणाला, "रडू नको. आपण शपथ तर मोडली नाही."

"दुसऱ्याचं नाव सांगायचं नाही, अशी शपथ होती, आजोबा. स्वतःचं सांगायला शपथेने कुठे अडवलं होतं? तुम्हाला नाही. मलाही नाही."

म्हातारा आपली शिवळ घेऊन बैलांकडे गेला. त्या वर्षीही खोताचंच शेत आधी नांगरलं गेलं.

तात्पर्य काय, तर एकीची शपथ कोणीही घेतो. आपला माणूस एकटा सापडला की "मीही त्याच्यातलाच" असं म्हणावं लागतं. तेव्हा जो गप्प बसतो, त्याने शपथ पाळली असं म्हणू नये.