साळूआक्काची जड गोळी

फार वर्षांमागं, जेव्हा आपल्या करवंडीला रस्ता नव्हता आणि सगळ्या गावात मिळून एकच ठासणीची बंदूक होती, तेव्हा इथं साळूआक्का ओतारीण राहायची. शिसं वितळवून ती बंदुकीच्या गोळ्या ओतायची. काही शहाणे तिला चेटकीण म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांनी तिला एकटीला डोंगरावर जाऊ दिलं, त्यांचीच ही पतवंडं.

आक्काकडे दोन साचे होते. हलकी गोळी चिंधीत गुंडाळून ठासली, की लांबवर सरळ जायची. पण ती भेकराएवढ्या जनावरालाच पुरायची. सांबराला जड गोळी लागायची, हाड मोडून आत जाणारी. ती लवकर खाली यायची, म्हणून शिकाऱ्याला सांबराच्या अगदी जवळ जावं लागायचं. आक्का आधी विचारायची, "काय मारायचंय?" मगच गोळी हातावर ठेवायची आणि बजावायची, "जखम तुझी, तर मागबी तुझा." असं म्हणतात, की तिच्या गोळीनं जनावर कधी तडफडलं नाही.

एका शिमग्याला सांबरांनी हरभऱ्याचा फडशा पाडला, तेव्हा जोत्याजी शेलारनं विडा उचलला. बंदूक त्याच्या घरची, मिशीही भली मोठी. पण सांबराच्या जवळ जायची छाती नव्हती. म्हणून तो आक्काशी खोटं बोलला. "आक्का, भेकर मारायचंय," म्हणाला आणि हलकी गोळी घेऊन गेला.

ओढ्याच्या अलीकडूनच त्यानं बार काढला. गोळी एका सांबरीच्या पोटात लागली आणि ती रक्त सांडत करवीच्या दाट झुडपांत शिरली. या बहाद्दरानं ओढासुद्धा ओलांडला नाही. हलगी वाजवत गावात आला आणि पंगतीला बसला. "लागलीया. मरंल कुठंतरी," म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि पोळीवर तूप घेतलं. त्यांच्या घशाखाली घास उतरला तरी कसा, हे मला अजून कळत नाही.

आक्का पंगतीत येऊन उभी राहिली. "कुठं हाय ती?"

"करवीत गेली."

"मग तू हितं काय करतूस?"

"आक्का, पोळी गरम हाय. तूबी बस."

आक्कानं त्याच्या पुढचं ताट उचललं. "ती सापडल्याबिगर ह्ये खायचं न्हाई," म्हणाली आणि पुरुषांकडे बघत राहिली. एकही उठला नाही. मग ती एकटीच निघाली, आणि तिच्या मागं गावातल्या बायकांनी एकेक करून चुलीत पाणी ओतलं.

असं म्हणतात, की वाळलेले रक्ताचे थेंब तिच्या पायाशी वितळलेल्या शिशासारखे चमकू लागले. त्या मागानं ती कड्याखालच्या झऱ्यापर्यंत गेली. तिथं सांबरी पडली होती. आक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीनं पाणी पाजलं, जखमेवर तळवा धरला, तशी गोळी आपसूक तळव्यात आली. मग सांबरी उठली आणि आक्काला पाठीवर घेऊन उभा कडा चढून गेली. आक्का पुन्हा कुणाला दिसली नाही.

त्यानंतर जोत्याजीनं बार काढला, की गोळी नळीतून घरंगळून त्याच्याच पायावर पडायची. शेवटी तो त्या मागानं झऱ्यावर गेला. तिथं त्याला ती हलकी गोळी तेवढी सापडली. तिथं बसून तो रडला म्हणे. रडून काय उपयोग, जायचं तेव्हा गेला नाही.

आता गावात बंदूक नाही. शिकारीला बंदी आहे, आणि बरंच झालं. पण शिमग्याची पानं वाढून झाली, की गावातली सगळ्यात म्हातारी बाई शेलारांच्या कर्त्या पुरुषाच्या हातावर आक्काची जड गोळी ठेवते आणि विचारते, "कुठं हाय ती?" तो अनवाणी झऱ्यावर जातो, गोळी पाण्यात बुडवून आणतो. तोवर चुली विझलेल्या असतात आणि कुणी घास घेत नाही.

गेल्या वर्षी तो मान पुण्याहून आलेल्या थोरल्या शेलाराचा होता. "ऊन फार आहे, अर्ध्यापर्यंत मोटरसायकलनं जातो," म्हणाला. म्हातारीनं त्याचं ताट उचललं. मग सगळ्या पंगतीनं आपापली ताटं मागं सारली, अगदी लेकरांनीसुद्धा. त्यानं खाली बघत चपला काढल्या आणि चालू लागला.