हवेचं चाक

“चाचा, अजून किती हवा सोडू?”

हसनचाचा मुजावर वाकून टाकीतलं पाणी बघत होते. गावाच्या सांडपाण्याच्या टाकीवर त्यांची हयात गेलेली. विचारणारा परीक्षित, नवा इंजिनिअर, चार दिवसांपूर्वी आलेला. आल्या दिवशीच म्हणाला होता, “अंदाजपंचे बंद. आता मी सांगेन तसं.”

टाकीत बारीक भोकांचे पडदे लोंबतात बघा. पंप त्यांतून पाणी ओढतो, घाण बाहेर राहते. खालून हवेचे बुडबुडे येतात, ते पडदे झाडतात. पडदे तुंबले की भिंतीवरच्या, दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा चढतो.

सकाळपासून काटा चढत होता. तो चढला की परीक्षित हवेचं चाक फिरवून हवा वाढवी. तीनदा फिरवलं. काटा वरच. टाकी काठोकाठ व्हायला एक वीत उरली. ओसंडली तर घाण थेट नदीत, आणि खालच्या अंगाला वाडीचा पाणवठा.

“अहो, बोला ना!”

चाचांनी टाकीतलं पाणी ग्लासात घेतलं. पहाटे, हवा वाढवण्याआधी, त्याच टाकीतून भरलेली बाटली खळखळून हलवली. दोन्ही कट्ट्यावर ठेवली.

“ही काय खेळायची वेळ आहे?”

चाचांनी बाटलीकडे बोट केलं.

बाटलीतला गाळ गोळे होऊन खाली बसला, वर पाणी नितळलं. ग्लास गढूळच.

“हवेनं गाळाचे गोळे फोडलेत, साहेब. भात फार घोटलात. गरगट झालं. गरगट फडक्यातून गळतं का?”

परीक्षितचं तोंड उतरलं. “मग...?”

चाचांनी हवा कमी केली. आणि पाणी ओढणारा पंपच बंद केला.

“अहो, टाकी भरतेय!”

“दिसतंय मला. ओढ थांबली की पडद्यांवरचा गाळ सुटेल.”

चार बोटं उरली. परीक्षित पंपाकडे धावला. चाचांनी वाटेतच तो ग्लास त्याच्या हातात दिला.

“धरा. पाणी हलता कामा नये.”

ग्लासातलं पाणी हिंदकळत होतं. टाकीला तीन बोटं... दोन...

परीक्षितनं डोळे मिटले. ग्लासातलं पाणी हलायचं थांबलं.

चाचांनी पंप सुरू केला. काटा थरथरला, खाली आला आणि तिथंच राहिला. टाकीचं पाणी काठापासून उतरू लागलं.

ग्लास कट्ट्यावर ठेवत परीक्षित म्हणाला, “चाचा... उद्या परत काटा चढला, तर आधी काय करू?”

“हात खिशात घाला.”