बगळ्यांचे पाय

एकदा एका गावच्या वाचनालयाने जुन्या पोथ्यांसाठी मोठे लाकडी कपाट करवून घ्यायचे ठरवले. कपाट वृद्ध सुताराने घडवायचे आणि त्याच्या दारांवर चित्र काढायचे ते चित्रकार गुरुजींच्या शिष्याने. शिष्याचे हे पहिलेच स्वतंत्र काम होते. त्याने दारे बसवण्याआधीच घरी नेली आणि कुणाला जवळ फिरकू न देता, महिनाभर खपून, तळ्याकाठचे तीन बगळे रंगवले.

सुताराने दारे बसवली, तर ती खाली घासू लागली. त्याने नेहमीप्रमाणे रंधा मारला. बोटभर लाकूड गेले आणि त्याबरोबर बगळ्यांचे पायही गेले.

"माझी मेहनत मातीत घातलीत!" शिष्य कडाडला.

"मग दार उघडंच ठेवू? उंदरांना पोथ्या फार आवडतात," सुतार म्हणाला.

शिष्य तडक गुरुजींकडे गेला. "यापुढे मी भिंतीवरच चित्रं काढीन. भिंतीला कुणी रंधा मारत नाही."

गुरुजी त्याच्याबरोबर कपाटापाशी आले. त्यांनी काचकागद उचलला आणि उरलेले बगळेही घासून टाकले. सुतारसुद्धा हबकला, कारण कपाटाचे उद्घाटन अवघ्या बारा दिवसांवर आले होते. शिष्याला तर रडूच फुटले.

गुरुजी म्हणाले, "तू चित्र उत्तम काढलंस. यांनी दार उत्तम बसवलं. कपाट मात्र दोघांपैकी कुणीच केलं नाही. दार कसं मिटतं हे तू विचारलं नाहीस, आणि रंधा उचलताना यांनी तुला हाक मारली नाही. आता इथेच, बसवलेल्या दारावर, यांना विचारून काढ."

शिष्याचा राग गेला नव्हता, पण काम अर्धे टाकायचे नाही हेही त्याने मनाशी पक्के केले. डोळे पुसून तो सुताराजवळ बसला.

"काका, दार पुन्हा कुठे घासेल?"

"खालीच. पावसाळ्यात लाकूड फुगतं. अधूनमधून रंधा लागणारच."

"मग तळाशी कोरी पट्टी सोडू?"

सुताराने दाराच्या तळावरून बोट फिरवले. "कोरी कशाला? पाणी काढ, आणि बगळे वर घे. रंधा लागला तर तळं जरा आटेल, एवढंच."

कपाट वेळेवर उभे राहिले. पुढे कितीदा तरी रंधा लागला, तळे आटत गेले, बगळे जागचे हलले नाहीत. चित्र कुणाचे, असे कुणी विचारले की तो शिष्य म्हातारपणीही एकच उत्तर देई : "बगळे माझे. पाणी सुतारकाकांचं."